मार कापसाला लागत नाही

दिवाळी उलटून आठ-दहा दिवस झाले, की आमच्या घाटंजीकडच्या रस्त्यांवरच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. फुलं नसतात ती. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून ओसंडलेला कापूस काट्यांना अडकतो आणि महिनाभर तसाच लोंबत राहतो. सकाळी स्कूटीवरून शाळेत जाताना त्याचे तंतू नाकातोंडात जातात. मी शिंकते, वैतागते, आणि त्याच वेळी मला बरंही वाटतं. आता याला काय म्हणावं? पन्नाशी आली तरी मला माझंच कळत नाही, आणि मुलांना मात्र मी पंचवीस वर्षं कवितेचा आशय समजावून सांगते आहे.

याच दिवसांत आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा असते. विषय ठरवणारे आमचेच सहकारी. ते दरवर्षी कुठून एवढे गंभीर विषय काढतात कोण जाणे. या वर्षीचा विषय होता, ‘दुःखाशिवाय सुखाला चव नाही’. परीक्षक म्हणून मी बसले होते. नववीतली एक मुलगी उभी राहिली, घट्ट दोन वेण्या, हात कुठे उचलायचा आणि कुठे खाली आणायचा हे कोणीतरी पक्कं बसवून दिलेलं. दुःखाच्या भाषणात सोनं, चंदन आणि उदबत्ती यायचीच, तशी ती आली. मी खाली मान घालून गुण टाकत होते. तेवढ्यात ती म्हणाली, “पिंजाऱ्याच्या हातचा मार खाल्ल्याशिवाय कापूस मऊ होत नाही, आणि दुःखाचा मार खाल्ल्याशिवाय माणूस माणूस होत नाही.”

टाळ्या पडल्या. माझं पेन थांबलं. ते वाक्य माझं होतं. काही वर्षांपूर्वी मी ते माइकवर म्हटलं होतं. तेव्हा कोणीतरी लिहून घेतलं असणार. मग ते या वहीतून त्या वहीत, या शिकवणीतून त्या शिकवणीत फिरत फिरत माझ्याच पुढ्यात येऊन उभं राहिलं. चोरी पकडावी, तर माल माझाच. आणि तोही खोटा निघालेला. हे मला तेव्हा एका माणसाने माझ्याच माहेरच्या पडवीत, सगळ्यांसमोर दाखवून दिलं होतं.

माझं माहेर घाटंजीपासून आठेक किलोमीटरवर. आई लवकर गेली. घरात माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, माझा धाकटा भाऊ सुधीर, त्याची बायको शालू आणि त्यांची मुलगी पिंकी. मी लग्न करून घाटंजीतच पडले, त्यामुळे रविवार माहेरचा. शेतात पऱ्हाटी, मधल्या ओळींत तूर. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटीच म्हणतात, आणि एका वर्षी ती पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. सगळे खुश होते. मीसुद्धा शाळेत कौतुकाने सांगितलं, की माझा भाऊ शेतात शिरला की दिसतच नाही.

तेच नडलं. झाड छातीच्या खाली असतं तेव्हा फवारा खाली जातो. झाड डोक्याच्या वर गेलं, की औषधाचं धुकं तोंडावर येतं. वरून ऑक्टोबरचं ऊन, वारा पडलेला, अंगाला घाम. सुधीरने तीन दिवस फवारणी केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. यवतमाळच्या दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. “ताई, दिसून नाही राह्यलं,” एवढंच तो माझ्याशी बोलला. माझ्या भावाचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. त्या हंगामात आमच्या भागात अशी आणखीही घरं झाली, पण आपल्या घराचं दुःख मोठ्या संख्येत मिसळून कमी होत नाही.

मग लोक आले. आमची माणसं प्रेमळ आहेत, रिकाम्या हाताने येत नाहीत. कोणी भाकरी-पिठलं आणलं, कोणी पिंकीसाठी बिस्किटं. आणि प्रत्येकाने जाताना एकेक समजूत ठेवली. देव परीक्षा पाहतो. यातून तुझं सोनं होईल. जे होतं त्यात काहीतरी चांगलं दडलेलं असतं. शालू तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. ती प्रत्येकाला मान हलवून हो म्हणायची आणि चहा टाकायला उठायची. मी तिच्या जागी असते तर मला किटली फेकून मारावीशी वाटली असती, असं मी आज म्हणते. तेव्हा मीही त्यातलीच एक होते. उलट मी मराठीची बाई, माझी समजूत इतरांपेक्षा जास्त घोटीव होती.

मला त्यात दुष्टपणा वाटत नाही, आजही नाही. आपला माणूस उगीच गेला, त्याच्या जाण्याने काही साधलं नाही, हे वाक्य घशाखाली उतरत नाही. मग माणूस काहीतरी साधलं असं शोधत बसतो. मला सुधीर तर परत मिळणार नव्हता. निदान त्याच्या जाण्यातून कोणीतरी मोठं झालं, असं दिसलं असतं तर मला झोप लागली असती. आणि मोठं व्हायला घरात एकच माणूस मोकळं होतं, ते म्हणजे शालू.

वर्ष गेलं. पोळ्याच्या सुमारास शालूने आबांना सांगितलं, की तिला यवतमाळला नर्सिंगच्या कोर्सला जायचं आहे. बारावी झालेली होतीच. तिची मावशी लोहाऱ्याला राहते, यवतमाळला लागूनच. तिथे राहायचं, पिंकीला तिथल्याच शाळेत घालायचं. आबांनी हातातली सुतळी वळून पुरी केली. मग म्हणाले, “जाय. मी आहो इथं.” शालूने फॉर्म आणला आणि देवाच्या फळीवर डब्याखाली ठेवला. भरायची मुदत दिवाळीनंतरची होती.

त्याच्या मध्येच गावातल्या महिला मंडळाने कार्यक्रम ठेवला. शालूला शिलाई मशीन द्यायची होती. असल्या वर्षांत बाईला मशीन देतात. तिला शिवता येतं का, शिवायचं आहे का, हे कोणी विचारत नाही. शालूला साधी गुंडी लावता येत नव्हती. सुधीर तिला त्यावरून चिडवायचा आणि स्वतःच्या शर्टाच्या गुंड्या स्वतः लावायचा. मला भाषण करायला सांगितलं. मी दोन दिवस बसून लिहिलं. पिंजाऱ्याचं वाक्य सुचलं तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. कापसाच्या मुलखात कापसाचा दाखला. मग पुढे लिहिलं, की शालू रडत बसली नाही, तिने घर सोडलं नाही, सासऱ्याला सोडलं नाही, नवऱ्याच्या मागे ती या घराचा खांब होऊन उभी राहिली.

बायका पदराने डोळे पुसत होत्या. आबांनीही डोळे पुसले. शालू खुर्चीवर बसून मशीनच्या चाकाकडे बघत होती. तिला उठून दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ती उभी राहिली, नमस्कार केला आणि खाली बसली. त्या मौनालाही टाळ्या पडल्या.

त्यानंतर दोन-तीन रविवारांत बाकीचं घडलं. गावातली माणसं आबांना येऊन म्हणू लागली, की अशी सून मिळायला भाग्य लागतं. घर सोडून न जाणारी सून. आबा आधी नुसते ऐकायचे, मग मान डोलवायला लागले. एके दिवशी मी गेले तर शालू चुलीपाशी होती आणि आबा ओट्यावर. मी विचारलं, “फॉर्म भरला का तिनं?” आबा म्हणाले, “कायले? तूच तं म्हटलं ना, ती खांब आहे म्हणून. खांब काढून नेते का कोणी?”

माझंच बोलणं. शालूने आतून ऐकलं असणारच, पण तवा उतरवल्याचा आवाज तेवढा आला. फॉर्मची मुदत संपायला तेव्हा जेमतेम महिना उरला होता.

सीतादहीचा दिवस आला. म्हणजे पहिल्या वेचणीचा दिवस. बायका दहीभात घेऊन शेतात जातात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडून हळदकुंकू वाहतात आणि मगच कापसाला हात लावतात. त्या दिवशीचा कापूस आमच्या घरी विकत नाहीत. घरातल्या सगळ्यात लहान लेकरासाठी त्याची रजई होते. सुधीरची झाली, माझी झाली, पिंकीची लहानपणीची छोटी झाली होती, ती आता तिला पुरत नव्हती. त्या सकाळी दव होतं, साडीचा काठ भिजून पायाला चिकटत होता, दह्याचा वास आणि ओल्या मातीचा वास एकत्र येत होता. खडे मी मांडले. कुंकू मी वाहिलं. शालू टोपली घेऊन धुऱ्याच्या पलीकडे उभी राहिली. तिला कोणी मागे थांब म्हटलं नाही. ती आपणच थांबली, आणि मी तिला थांबू दिलं. जिला मी माइकवरून घराचा खांब म्हटलं, तिने त्या खड्यांना हळद लावलेली मला चालली नसती का? मी स्वतःला विचारलंही नाही. चटकन पूजा उरकली आणि वेचायला लागले.

पिंजण्याआधी कापसातली सरकी काढावी लागते, म्हणजे त्यातलं बी. एका रजईपुरती आम्ही घरीच हाताने काढतो. दिवाळीच्या सुट्टीच्या उरलेल्या दुपारी मी आणि शालू पडवीत बसायचो. मध्ये कापसाचा ढीग, बाजूला सरकीचं सूप. बोटांची टोकं हुळहुळी होतात आणि तासाभराने बोलावंसं वाटायला लागतं, कारण हाताला डोकं लागत नाही. पहिल्या दुपारी आम्ही तुरीविषयी बोललो. दुसऱ्या दुपारी पिंकीच्या दाताविषयी. तिसऱ्या दुपारी मी म्हटलं, “माह्या भाषणाचा तुले राग आला का?”

“राग नाही आला,” ती म्हणाली. चार-पाच सरक्या सुपात पडल्या. “तुम्ही बोलल्या चांगलं. पन मले तिथं बसून असं वाटलं, का मी माह्याच तेरवीले बसली आहो. लोक माह्याबद्दल चांगलं चांगलं बोलून राह्यले, अन् मी आईकून राह्यली.”

मी ढिगातून आणखी एक मूठ कापूस पुढ्यात ओढला.

“अन् एक सांगू का? तवापासून मले रडताबी येत नाही. परवा विहिरीवर डोये भरून आले, तं ती शेजारची म्हनते, तू कायले रडते, तू तं खंबीर आहे.” ती हसली. तिचं हसणं खरं होतं, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

या ढिगावर लहानपणी सुधीर आणि मी उड्या मारायचो. तेव्हा कापूस घरात साठवत. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला. आईचं लक्ष नसताना दारावरच्या फळीवर चढायचं आणि धपकन आत. अंगाला खाज सुटायची, नाकात धूळ, पाठीवर लाल पुरळ. सुधीर एकदा पुरताच बुडाला आणि आतून हसत राहिला. मला तो दिसत नव्हता, नुसतं हसू ऐकू येत होतं. मी आयुष्यात जेवढी सुखी झाले त्यात ती दुपार पहिल्या नंबरावर आहे. त्या सुखाच्या आधी आम्ही काय सोसलं होतं? काहीच नाही. सकाळी भाकरी-दूध खाल्लं होतं. सुखाला दुःखाची चव लागते म्हणणाऱ्यांना मला ती खोली दाखवावीशी वाटते.

मुदतीला चार दिवस राहिले असताना रहीमचाचा आला. आमच्या लहानपणापासून दर थंडीत येणारा पिंजारी. त्याच्या मुलांनी घाटंजीत मशीन टाकलं होतं, दहा मिनिटांत गादीचा कापूस पिंजून देतात. पण आमच्या घरच्या रजईसाठी चाचा आपलं जुनं पिंजण घेऊन येई. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीची लाकडी धनुकली, तिला ताणून बांधलेली तात. पडवीच्या आढ्याला दोरी बांधून त्याने ते टांगलं, खाली कापूस पसरला आणि हातातल्या लाकडी मुठ्याने सुरुवात केली. टंक, टंक, आणि मागे घुमणारा एक लांब आवाज. हवेत कापूस उडायला लागला. पिंकीच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. आबा बाजेवर बसून बघत होते. शालू खांबाला टेकून उभी होती आणि मी चहाचा कप घेऊन.

चाचाने हात थांबवला. “तुह्यं भाषण आईकलं बेटा मी. मागं बसलो होतो.”

“असं का?” मी जरा सुखावले.

“पिंजारी म्हटलं तं म्हंजे मीच. या चार गावांत दुसरा आहे कोण? खुश झालो. मंग तू म्हटलं, मार खाल्ल्याबिगर कापूस नरम नाही होत. तवा मले समजलं, का या पोरीनं इतके साल इथं बसून काही पाह्यलंच नाही.” त्याने मला जवळ बोलावलं. “बस इथं. आता पाह्य. मुठ्या कुठं पडला?”

त्याने सावकाश एक ठोका मारला. मी वाकून पाहिलं. “तातीवर.”

“कापसाले लागला?”

“नाही.”

“आणखी एक डाव पाह्य.”

पुन्हा पाहिलं. ठोका तातीवर पडत होता. तात थरथरत होती आणि तिच्या थरथरीने कापसाचा गुंता सुटून तो वर उडत होता. कापसाला मुठ्याचा स्पर्शसुद्धा होत नव्हता. चाळीस वर्षं मी हे बघत होते. मी शेतकऱ्याची मुलगी, कापसावर वाढलेली, आणि मार कुठे बसतो हे मला ठाऊक नव्हतं.

“कापसाले मी कायले मारू?” चाचा म्हणाला. “तो दाबून दाबून गठ्ठा होते, त्याले मोकळं करतो. मार खाते ती तात. बकऱ्याच्या आतड्याची असते. रोज खाते. ती नरम झाली का मंग? कडक होते अन् एक दिवस तुटते. तुटली का फेकून देतो, दुसरी लावतो. तिच्यावर कोनी भाषण नाही करत.”

मी म्हटलं, “चाचा, ते बोलाची रीत असते. माणसाचं अलग.”

“अलग कसं? माणसाले तं कापसाहून ज्यादा लागते.” मग तो शालूकडे वळला. “बेटी, दुसऱ्या वेचणीचा कापूस असन ना घरात? जरासा आण.”

त्या साली पहिली वेचणी तेवढी पांढरी निघाली होती. दुसरीपासून बोंडअळी लागली होती, आणि वरून पाऊसही झाला होता. शालूने ओंजळभर कापूस आणला. पिवळट डागांचा, चिकट, बोंडातच अर्धा सडलेला. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात.

“याले पाह्य,” चाचा म्हणाला. “अळीनं खाल्लं, पावसात भिजला, दवात पडला. सोसाचं तेवढं सारं यानं सोसलं. तुह्या भाषणाच्या हिशोबानं याची रजई सगळ्यात नरम झाली पाह्यजे.” त्याने तो तातीखाली धरला. चार ठोके दिले. कापूस उडाला नाही. त्याच्या बारीक गाठी झाल्या आणि धूळ पडली. “ज्याले काही झालं नाही, ऊन चांगलं भेटलं, पानी टायमावर भेटलं, तो पाह्य कसा निघाला ते.” त्याने दुसऱ्या बाजूचा पांढरा ढीग दाखवला. त्यात हात घातला तर हात गेल्याचं कळत नव्हतं.

पिंकी कवडीच्या गाठी बोटांनी सोडवायला बघत होती. शालू तिच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी कप खाली ठेवला.

“आबा,” मी म्हटलं, “माह्यं भाषण चुकलं. ती खांब-बिंब काही नाही. सुधीर उगीच गेला, हे मले म्हणता येत नव्हतं, म्हणून मी तसं म्हटलं. तिले जाऊ द्या.”

आबा माझ्याकडे बघेनात. ते कापसाच्या ढिगाकडे बघत होते. बोलले ते भलतंच. “त्या दिवशी ऊन लय होतं. तो म्हने, आबा, उद्या मारतो. मी म्हटलं, उद्या पाऊस आला तं औषध धुऊन जाईन, आजच मार.” ते थांबले. “उद्या पाऊस आलाच नाही.”

वर्षभर हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मी रडायला लागले. शालूही रडायला लागली, चांगली मोठ्याने, पिंकीसमोर, चाचासमोर. विहिरीवरून कोणी आलं असतं आणि तू तर खंबीर आहेस म्हणालं असतं, तर मी त्या बाईला पडवीतून बाहेर काढलं असतं. मग ती उठली, पाणी घेऊन आली आणि आबांच्या हातात तांब्या दिला. म्हणाली, “त्यायनं ऊन पाह्यलं होतं, आबा. तुमी पाऊस पाह्यला. दोघंबी पीक वाचवाले पाहत होते.” आबा पाणी प्यायले नाहीत. तांब्या दोन्ही हातांत धरून बसले.

तेव्हा मला कळलं, की आबाही माझ्यासारखेच अडकलेले होते. शालू घरात राहिली, सोसत राहिली, तर त्या सगळ्याला काही अर्थ आहे असं त्यांना म्हणता येणार होतं. तिच्या त्रासावर आम्ही बापलेक आपला त्रास टेकवून बसलो होतो. आणि ती चहा करत होती.

चाचाने मुठ्या पुन्हा उचलला. खाली मान घालूनच विचारलं, “भाऊ, लांबी किती धरू? पोरीपुरतीच करू ना?”

आबा म्हणाले, “नाही. मोठी कर. दोघींले पुरली पाह्यजे. यवतमाळले थंडी आपल्याहून ज्यादा असते.”

शालूने तोंडाला पदर लावला. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “कापड कमी पडन,” चाचा म्हणाला. “माह्यं नवं धोतर आहे पेटीत,” आबा म्हणाले, “त्याचं अस्तर लाव. मले कायले लागते आता नवं.” ते धोतर मी त्याच दुपारी मशीनवर जोडून शिवलं. महिला मंडळाच्या त्या मशीनने आमच्या घरी केलेलं ते एकमेव काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने शालू फॉर्म घेऊन यवतमाळला गेली.

आता तुम्ही विचाराल, मग दुःखातून काहीच येत नाही का? येतं ना. मी काय दगड आहे? सुधीर गेल्यापासून वर्गात एखादं मूल गप्प बसलेलं असलं तर मला ते पाठमोरंही कळतं. पूर्वी मी त्याला ‘लक्ष कुठे आहे’ म्हणून ओरडायचे, आता मधल्या सुट्टीत जवळ बसवते. एवढं शहाणपण आलं. पण कोणी मला म्हणालं, हे शहाणपण दे आणि भाऊ घेऊन जा, तर मी एका पायावर देईन. पुन्हा तशीच अडाणी, मुलांवर ओरडणारी बाई होईन आणि रविवारी माहेरी जाऊन त्याच्या हातचा करपलेला चहा पिईन. जिच्या बदल्यात माणूस परत मागावासा वाटतो, त्या कमाईला मी तरी कमाई म्हणत नाही.

असो. वक्तृत्वाचा निकाल द्यायचा होता. त्या मुलीचं बोलणं चांगलंच होतं, गुण कापायला कारण नव्हतं. तिला पहिलाच नंबर दिला. नंतर बाजूला घेऊन विचारलं, “पिंजारी पाहिलास का गं कधी?” ती म्हणाली, “नाही मॅडम, मशीन पाहिली.” मी म्हटलं, एखाद्या सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर माहेरी चल. चाचा आता नाही, पण त्याचं पिंजण आबांनी मागून घेतलं आहे, पडवीत टांगलेलं असतं. ती हो म्हणाली. येईल की नाही माहीत नाही. परीक्षकाला सगळेच हो म्हणतात.

शालू आता वणीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. फवारणीच्या दिवसांत ती गावोगाव फिरते, पुरुषांच्या तोंडाला फडकी बांधायला लावते, ऊन चढल्यावर कोणी पंप पाठीवर घेतलेला दिसला तर धुऱ्यावर उभी राहून भांडते. लोक तिला मानतात. आणि लोक म्हणतात, की बघा, तिच्यावर तो प्रसंग आला नसता तर ही एवढी माणसं कोणी वाचवली असती? हे ऐकलं की मला अजूनही क्षणभर पटतं. जुनी खोड जात नाही.

गेल्या रविवारी ती पिंकीला घेऊन आली होती. पिंकी आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. शालूने माळ्यावरची तीच रजई उन्हात टाकली होती, तिची खोळ तिसऱ्यांदा बदलली आहे, आत आबांचं धोतर तसंच आहे. मी तिला त्या मुलीच्या भाषणाचं सांगितलं. ती खूप हसली. मग मी, जरा घाबरतच, विचारलं, “लोक म्हणतात तसं तुलेबी वाटते का? का तो प्रसंग आला म्हणून तू नर्स झाली?”

तिने रजईवर हात फिरवून कुठे गाठ झाली आहे का ते पाहिलं.

“ताई, बारावी झाली तवाच फॉर्म आणलता मी. मंग लग्न जुळलं. तुमच्या भावानं लग्नाच्या आधीच मले कबूल केलतं, का लेकरू शाळेत गेलं म्हंजे तू जाशीन. पिंकी त्याच जूनमधी पहिलीत गेलती. ते म्हनत, एवढी फवारणी आटपू दे, मंग दोघं जाऊन फॉर्म भरू.”

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. तिने रजईचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघींनी मिळून ती उलटी केली, धोतराची बाजू वर आली.

“ते असते तं मी एक वर्ष अगोदर नर्स झाली असती,” शालू म्हणाली.